चोवीसचं माप

लष्करीबाग, नागपूर
११ ऑगस्ट २०२४

चि. हर्षा हिस,
सप्रेम जय भीम.

तू पुण्याला जाऊन नऊ दिवस झाले. रविवारी तुला अर्धा तास फोन मिळतो, त्यातही मागे मुलींचा कलकलाट असतो. तू "बरी आहे" म्हणतेस, मी "बरी आहे" म्हणते, आणि आपण फोन ठेवतो. म्हणून हे पत्र. माझी शाळा तिसरीपर्यंतची. तुझे बाबा गेल्यावर विहाराच्या वाचनालयात बसून अक्षराला अक्षर लावत वाचायला शिकले, पण लिहिण्याचा हात अजून कच्चा आहे. चुका दिसल्या तर हसू नकोस.

वाचनालयाचे लहानूजी काल म्हणाले, "आपल्या वस्तीतली पोरगी शहरातून पयली आली, अन् तू तोंड पाडून काहून बसून राहिली वं गोपिका?" मी म्हटलं, तोंडच असं आहे माझं. सौंदर्यस्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये मी शेवटच्या रांगेत होते. तू निळ्या साडीत चालत आलीस आणि मला तुझे बाबा चालताना दिसले. तेच रुंद खांदे, तीच मान. मी साडीचा पदर तोंडावर धरला, शेजारच्या बाईला वाटलं मला खोकला आला.

आता राज्याच्या स्पर्धेसाठी चार महिने शिकायचं म्हणतेस, तर शिक. पण निघायच्या आदल्या दिवशी मी तुझं माप घेतलं, कंबर एकोणतीस निघाली आणि तू आरशाकडे पाठ केलीस, ते मी पाहिलं आहे. तुझ्या उंचीला एकोणतीस चांगली असते. मी रोज बायका मोजते, मला विचार.

सरावाचे कपडे मीच शिवून पाठवीन. माप कळव, पण दुसऱ्या कोणाकडून घे. बाई स्वतःचं माप घेते तेव्हा पोट आत ओढते. परवा मायाबाई ब्लाउजचं माप कागदावर लिहून घेऊन आली. मी म्हटलं, हे लग्नातलं आहे का? तर म्हणते, "कमीच लिव वं बाई. तुही वही सारा मोहल्ला पायते."

सोबत जवसाची चटणी आहे. भाताबरोबर घे.

तुझी
आई

◆

पुणे
२४ ऑगस्ट २०२४

प्रिय आई,

चटणी आम्हाला शिकवणाऱ्या मेघा मॅडमनी ठेवून घेतली. रागावून नाही, हसतच. सगळ्यांच्या घरचे डबे एका कपाटात आहेत. स्पर्धा झाली की मिळतील.

आम्ही बारा जणी आहोत. माझ्या खोलीत पायल आहे, अचलपूरची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "नागपूरची हायेस न? मंग माह्याशी तरी माणसासारखी बोल. बाकीच्या साऱ्या इंग्रजीतच शिंकून राहिल्या."

मॅडमनी प्रत्येकीचा एक तक्ता केला आहे. उंची, छाती, कंबर, नाक, हनुवटी, रंग. माझ्या खांद्यांपुढे 'रुंद' लिहिलं आहे आणि गालांपुढे 'घरगुती'. रंगापुढे काही लिहिलं नाही, नुसती फुली आहे. त्यासाठी आठवड्याला एक सुई देतात. खांद्यांचं काही होत नाही म्हणाल्या, हाड आहे. पण कंबर चोवीस झाली तर तेच खांदे शोभतील. चोवीस सगळ्यांसाठीच आहे. पायल पाच फूट तीन, मी पाच फूट सात, तरी दोघींना चोवीस. पायलनं विचारलं, "हे कोणी ठरवलं मॅडम?" तर म्हणाल्या, "बाहेरच्या स्टेजवर हेच चालतं. तिथल्या मुली तशाच जन्मतात. आपल्याला कमवावं लागतं."

तू काळजी करशील, पण मला इथे आवडतं. आपल्याकडे आलेल्या प्रत्येक बाईनं मला पाहून एकच म्हटलं, एवढ्या उंच पोरीला नवरा कुठून आणणार. इथे माझी उंची कामाची आहे.

टेप आणि वजनकाटा मॅडम देत नाहीत. रोज मोजलं की मन डळमळतं म्हणे. अंगाचं माप दोनदाच, एक आल्यावर झालं, दुसरं अंतिम फेरीच्या दहा दिवस आधी. म्हणून मी दोऱ्यानं मोजून दोरा पट्टीवर धरला. कंबर सत्तावीस. सरावाचा गाऊन त्यावर शिव.

तुझी
हर्षा

◆

लष्करीबाग, नागपूर
८ सप्टेंबर २०२४

चि. हर्षा,
जय भीम.

गाऊन पाठवते आहे. गांधीबागेतून मऊ कापड आणलं. दुकानदार म्हणाला, "काकू, लग्न निघालं का पोरीचं?" मी म्हटलं, नाही, पोरगीच निघाली.

तीन आठवड्यांत दोन इंच कमी झाले हे मला पटत नाही. दोऱ्याचं माप दोऱ्यासारखंच असतं, ओढाल तेवढं. असो. माझा हात कसा चालतो ते मला माहीत आहे. अंगात नीट बसेल.

ती सुई कसली आहे ते विचारून कळव. आपल्या चौकातल्या औषधवाल्याला विचारलं तर म्हणाला, नाव सांगा. नाव तू लिहिलं नाहीस. तुझा रंग तुझ्या बाबांचा आहे. मौद्याला वीजकेंद्रात ठेक्यावर होते तेव्हा राखेनं पांढरे होऊन यायचे, आणि आंघोळ करून स्वतःच्या रंगात बाहेर पडले की मला हायसं वाटायचं.

वाचनालयातून आरोग्याचं एक पुस्तक आणलं आहे. त्यात लिहिलं आहे की ज्या बाईचं खाणं फार कमी होतं तिची पाळी थांबते. तुझी वेळेवर आहे ना?

आई

◆

पुणे
५ ऑक्टोबर २०२४

प्रिय आई,

गाऊन बसला. पाठीची चेन एका हातानं वर गेली.

आता तुला एक गंमत सांगते. मी कळवलेलं माप माझं नव्हतंच. दोरा वगैरे खोटं. मला जे व्हायचं होतं ते मी लिहिलं. म्हटलं आईचा सत्तावीसचा गाऊन येईल, तो अंगात जाईपर्यंत खायचं नाही. आणि घातला तर गेला. मी खोलीत नाचले. पायल म्हणाली, "आता तरी पोळी खाय वं, नाचायले तरी जोर पायजे." टेपवर माझा विश्वास नाही, कोणी कशीही धरतं. तुझं माप आजवर कधी चुकलं नाही.

आता शेवटचा. अंतिम फेरीचा पांढरा गाऊन. कंबर चोवीस. नोव्हेंबरच्या सुरुवातीला मिळेल असा पाठव. तोवर मी चोवीस होईन.

पाळीचं विचारलंस. दोन महिने आली नाही. मॅडम म्हणतात जागा बदलली की असं होतं. केस थोडे गळतात, पुण्याचं पाणी. सुईचं नाव विचारायला विसरले.

हर्षा

◆

लष्करीबाग, नागपूर
२५ ऑक्टोबर २०२४

चि. हर्षा,
जय भीम.

तुझी गंमत वाचली. दोनदा वाचली.

दीक्षाभूमीला यंदाही आपल्या गल्लीनं जेवणाचा मंडप टाकला. दोन दिवस पुऱ्या तळल्या. लांबून आलेली माणसं पोरंबाळं घेऊन रांगेत उभी होती आणि मी वाढत होते. मागच्या वर्षी भाजीच्या पातेल्याशी तू होतीस. एका म्हातारीनं विचारलं, "ते उंच पोरगी कुठं हाय वं? थे मले दोनदा वाढे." मी म्हटलं, पुण्याला शिकायला गेली. काय शिकते विचारलं, तेव्हा मी पुऱ्यांकडे वळले.

पांढरा गाऊन सोबत आहे. तू म्हणालीस तसा. बसेल. बसला की समज झालं काम, आणि मग खायला लाग. माझ्यासाठी एवढं कर. पाळीचं डॉक्टरला दाखव. मॅडमना नाही, डॉक्टरला.

आई

◆

पुणे
९ नोव्हेंबर २०२४

आई,

बसला. श्वास जरा धरावा लागतो, पण बसला. मी चोवीस आहे.

आता खाईन म्हणाले होते, पण फेरी होईपर्यंत टिकवायला हवं ना.

ह.

◆

पुणे
२१ नोव्हेंबर २०२४

आदरणीय गोपिकाकाकू,
जय भीम.

मी पायल, हर्षाच्या खोलीतली. फोन आमच्या हातात नसतात म्हणून लिहिते आहे. भाजीवाल्या मावशी हे पत्र टाकणार आहेत.

काल मापं झाली. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मेघा मॅडमनी हर्षाला विचारलं, "किती असेल?" ती म्हणाली, चोवीस. टेप लावली तर साडेसव्वीस. मॅडम हसल्या, म्हणाल्या, "नागपूरचे इंच मोठे असतात का गं?" मग सगळ्याच हसल्या. काकू, खोटं कशाला बोलू, मीही हसले.

हर्षा शांतपणे म्हणाली, "तुमची टेप ताणलेली आहे. माझी आई शिवते. तिचं माप चुकत नाही." मॅडमनी दुसरी टेप आणली, मग तिसरी. तेवढंच. मॅडम म्हणाल्या, "दहा दिवस आहेत. बघ काय करतेस."

तेव्हापासून ती फक्त गरम पाणी पिते. आज जिन्यात पडली. उठली आणि म्हणाली, टाच सटकली. मी तिला म्हटलं, "काहून मरून राहिली वं? नाही झालं चोवीस तर नाही झालं." तर म्हणते, "आईले खोटं पाडू का?"

तुम्ही या, काकू. फोन करू नका, मॅडम सांगतील सराव चालू आहे.

पायल

◆

पुणे
९ मार्च २०२५

प्रिय आई,

पोचले. पायलच्या खोलीत आता माझीही खाट आहे. कपड्यांच्या शोरूममध्ये दोघींना काम मिळालं. सकाळी दहा ते सात. तू तीन महिने नजरेखाली जेवू घातलंस, आता इथे पायल माझे घास मोजते. तू तिला सांगून ठेवलं आहेस हे मला कळतं.

तू पुण्याला धावत आलीस तेव्हाचं, दवाखान्यातलं मला सगळं आठवत नाही. छातीवर चिकटवलेल्या तारा आठवतात. तू खुर्चीत बसून कसलंसं पुस्तक वाचत होतीस, आणि बराच वेळ पान उलटत नव्हतीस, ते आठवतं. बाहेर स्पर्धा होऊन गेली, माझ्याशिवाय.

आणि एक आठवतं. मी तुला विचारलं होतं, आई, गाऊन चोवीसचाच शिवला होतास ना? तू माझ्या कपाळावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, हो. त्या 'हो'वर मी उठून बसले. म्हणजे मी झाले होते. मॅडमनी मुद्दाम मला मागे टाकलं.

जूनमध्ये दुसरी एक स्पर्धा आहे. त्यांना मेघा मॅडमची गरज नाही, नाव सरळ देता येतं. मी दिलं आहे. एकदा चोवीस झालेली बाई परत होऊ शकते. गाऊन शिव, चोवीसचा. मोरपंखी रंग चालेल.

हर्षा

◆

लष्करीबाग, नागपूर
१७ मार्च २०२५

चि. हर्षा,
जय भीम.

हे तू इथे असताना सांगायला हवं होतं. तीन महिने रोज ताट वाढताना जिभेवर यायचं आणि तू घास घेत असायचीस, म्हणून मी पुन्हा वाढायचे.

तो गाऊन चोवीसचा नव्हता. सव्वीसचा होता. आधीचाही सत्तावीसचा नव्हता, एकोणतीसचा होता. तू कधी चोवीस झाली नाहीस.

बावीस वर्षं माझा धंदा असाच चालला आहे. बाई कागदावर माप आणते, मी दोन इंच वाढवून शिवते आणि सांगत नाही. ती घालते, आरशात पाहते, म्हणते, "पाय, अजून तशीच हावो मी." खुशीत घरी जाते. त्यात कधी कोणाचं बिघडलं नाही. तुझं पहिलं माप आलं तेव्हा हात आपसूक तसाच चालला.

पण ऑक्टोबरात तू गंमत म्हणून खरं लिहिलंस, तेव्हा मला कळलं. माझ्या वाढवलेल्या दोन इंचांत तू बसलीस आणि तुला वाटलं, झालं. त्याच दिवशी तुला सांगता आलं असतं. मी उलटा हिशेब केला. म्हटलं, पोरीला चोवीस झालं असं वाटू दे, म्हणजे ती खायला लागेल. म्हणून पांढरा गाऊन मी जाणूनबुजून सव्वीसचा शिवला. तो आपसूक नव्हता.

पायलचं पत्र मी गाडीत वाचत आले. आईला खोटं पाडू का, असं तू म्हणालीस. वर्ध्यापासून पुण्यापर्यंत मी ते एकच वाक्य वाचत होते. आणि दवाखान्यात तू विचारलंस तेव्हा तुझ्या हाताला सलाईन होतं, तोंड एवढंसं झालं होतं, आणि माझ्या तोंडून हो निघालं. पोटच्या पोरीशी त्या वेळी खरं बोलता आलं नाही. त्या मॅडमची टेप बरोबर होती, हर्षा. तिचा तक्ता चूक होता. तो कोणत्या तरी दूरच्या बाईवरून काढला आहे आणि आपल्या पोरींवर ठेवला आहे. तुझं हाड रुंद आहे, त्यावर तेवढं माणूस लागतंच.

आणखी एक लपवलं. घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला नेलं. म्हणाले, हृदय अशक्त झालं आहे, पुन्हा असं उपाशी राहिली तर मी खात्री देणार नाही. मी तुला सांगितलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक.

आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नाही. जूनचं नाव काढून घे. मला हवं ते बोल.

आई

◆

पुणे
२९ मार्च २०२५

प्रिय आई,

तुझं पत्र आधी पायलनं वाचलं. ती रडली. मला रडू आलं नाही.

म्हणजे मी कधीच नव्हते. नोव्हेंबरात मी त्या सगळ्यांमधून चोवीस म्हणून मान ताठ करून फिरत होते आणि होते साडेसव्वीस. त्यांना दिसत असणार. पायललासुद्धा दिसत असणार. मला त्याचीच लाज वाटते, बाकी कशाची नाही.

तुझ्यावर रागावले नाही. तू प्रेमानं केलंस. पण तेव्हा खरं शिवलं असतंस तर मला ऑक्टोबरातच कळलं असतं की अजून बरंच बाकी आहे, आणि मी वेळेत केलं असतं.

डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात.

एवढंच माग­ते. एकदा खरा चोवीसचा शिव. एक दोरासुद्धा जास्त ठेवू नकोस. एकदाच घालून पाहीन, मग सोडून देईन. तू नाही शिवलास तर दुसरीकडून शिवून घेईन, पण मला तुझ्याच हातचा हवा आहे. त्यावरच माझा विश्वास बसेल.

हर्षा

◆

लष्करीबाग, नागपूर
४ एप्रिल २०२५

चि. हर्षा,
जय भीम.

तुझं पत्र आल्यावर मी मोरपंखी कापड आणलं. तुला नाही म्हणणं मला कधी जमलं नाही. फळीवर पसरलं, चोवीसचं आखलं. सवयीनं जुनी वही काढली, तुझं चोवीस कधी होतं का ते पाहायला. होतं. शाळेचा निळा स्कर्ट, आठवी, जुलै. पुढे तुझ्या बाबांच्या अक्षरात लिहिलं आहे, "पोरगी वाढून राहिली, खाली दुमड जास्त ठेवजो." तेव्हा मला लिहिता येत नव्हतं, वही तेच लिहायचे. पुढच्या वर्षी ते काविळीनं गेले.

मग मी कापडावर आखलेल्या त्या रेघांकडे पाहिलं. आठवीतल्या पोरीचं अंग होतं ते. बावीस वर्षांच्या बाईचं आतडं, काळीज, गर्भाशय त्यात कुठे ठेवायचं हे मला कळेना. मी खडू झटकला आणि कापड घडी करून ठेवलं.

मी शिवणार नाही. चोवीसचा नाही, सव्वीसचाही नाही. तू दुसरीकडून शिवून घेशील. मला ते माहीत आहे आणि माझ्यानं ते थांबणार नाही, हेही मला तुझ्या पत्रावरून कळलं. खरं सांगितलं की पोरगी सुटेल असं मला वाटलं होतं. तेही माझं चुकलं.

मशीन मायाबाईच्या घरी ठेवलं. ती म्हणाली, "किती दिवसासाठी जाऊन राहिली वं?" मी म्हटलं, माहीत नाही. लग्नसराई आहे, अर्ध्या वस्तीचे ब्लाउज अडकले. अडकू दे.

रविवारी सकाळी मी पुण्यात उतरेन. पायलला कळवलं आहे, तिनं खोलीमालकिणीला विचारलंही. तू कामावर निघायच्या आधी मी दारात असेन. रागानं दार उघडलं नाहीस तरी तू बाहेर येईपर्यंत पायरीवर बसेन. मला बसायची सवय आहे. दुसऱ्या दिवशीही बसेन. तू जेवलीस की नाही हे मी पायलला विचारणार नाही, तुलाच विचारेन, आणि तू खोटं बोललीस तरी पुन्हा विचारेन.

तुझी
आई